टाकीचे वैद्यबुवा

मक्यापासून स्टार्च काढणाऱ्या त्या कारखान्यातले वैद्यबुवा वैद्यही नव्हते आणि बुवाही नव्हते. हातात काचेची बाटली, खिशात पाना, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, असा त्यांचा अवतार. कारखान्याच्या मागच्या कुंपणाशी दोन मजले उंच, वरून बंद अशी गोल टाकी होती आणि तिची प्रकृती सांभाळणं हे त्यांचं काम. रोज सकाळी नळ उघडायचा, बाटलीत थोडं काळं पाणी घ्यायचं, बाटली नाकाखाली धरायची आणि डोळे मिटायचे. मग निदान. हे ध्यान पाहून कुणीतरी कधीतरी त्यांना वैद्यबुवा म्हणालं आणि ते नाव असं काही चिकटलं की पगाराच्या यादीतलं खरं नाव पुकारलं तर तेच क्षणभर इकडेतिकडे बघायचे.

टाकीत काय चालायचं ते आधी सांगायला हवं. मका भिजवायचा, दळायचा, धुवायचा म्हणजे पाणी लागणार, आणि ते पाणी बाहेर पडताना मक्याचा अंश घेऊन जाणार. असं पाणी थेट ओढ्यात सोडलं तर ओढा सडतो. म्हणून ते आधी टाकीत घ्यायचं. टाकीत उजेड नाही, हवा नाही, आहेत ते फक्त कोट्यवधी जिवाणू. त्यांना हवा चालतच नाही. त्यांचे दोन गट. पहिला पाण्यातली घाण फोडून तिचं आम्ल करतो, दुसरा ते आम्ल खाऊन त्याचा गॅस करतो, आणि तो गॅस बॉयलरखाली जळतो. एका स्वयंपाकघरातल्या दोन जावा समजा. एकीने भाजी चिरायची, दुसरीने शिजवायची. चिरणारीचा हात भराभर चालतो. शिजवणारी सावकाश, आणि जरा नाजूक प्रकृतीची. टाकीला खाणं, म्हणजे फीड, बेताने दिलं तर दोघींचं छान जमतं. भसाभसा दिलं तर चिरलेल्या भाजीचे ढीग लागतात, शिजवणारी गांगरते आणि शेवटी चूल सोडून बसते. टाकी आंबते ती अशी. एकदा पुरती आंबली की ताळ्यावर यायला महिने लागतात आणि तोवर कारखान्याला कुलूप.

लॅबमध्ये याची तपासणी व्हायची, सोमवारी आणि गुरुवारी. आम्ल किती, ते मारणारा क्षार किती. क्षाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत आम्ल असलं की टाकी ठणठणीत. पण वैद्यबुवांना सोमवार-गुरुवारची वाट बघावी लागत नसे. आकडा बिघडायच्या दोन दिवस आधी त्यांचं नाक सांगायचं. तेही कसं? "आज ओल्या मातीसारखी आहे, द्या पोटभर." "आज जुन्या पुठ्ठ्यासारखी, हरकत नाही." "दह्याचं भांडं धुवायचं राहिलंय कुठेतरी. आज निम्मंच द्या." लॅबच्या बाई अकरा वर्षांपूर्वी कामावर आल्या तेव्हा हे ऐकून खो-खो हसल्या होत्या. दोन दिवसांनी आकडा हातात आला आणि हसू गेलं. मग त्या ही निदानं रजिस्टरच्या समासात बारीक अक्षरात लिहून ठेवू लागल्या.

टाकीच्या जन्माच्या वेळी वैद्यबुवा तिशीत होते. त्या आठवणी निघाल्या की त्यांना थांबवणं कठीण. पहिल्या दिवशी टाकीत बारा टँकर शेणाचा काला ओतला होता. त्यात शहराच्या गटार-केंद्रातला गाळ मिसळला होता. तेव्हाचे मोठे साहेब नाकाला रुमाल लावून लांब उभे होते आणि वैद्यबुवा अंगभर माखून, दात काढून हसत होते. मग चार महिने काही म्हणजे काहीच नाही. रोज घोटभर पाणी द्यायचं आणि बसून राहायचं. लोक चेष्टा करायचे, "काय हो, अंडी कधी फुटणार?" आणि एका दुपारी टाकीवरच्या चिमणीला काडी लावल्यावर भक्कन ज्योत पेटली. निळी, जेमतेम हातभर. बॉयलरवाले, दळणवाले, गोण्या भरणारे, सगळे धावत आले. मोठ्या साहेबांनी खिशातून रुमाल काढला, पण या वेळी नाकाला लावला नाही, घाम पुसला. त्या दिवशी सगळ्या कारखान्याला चहा मिळाला होता. वैद्यबुवांना तो चहा आपल्याच हातांच्या वासातून प्यावा लागला होता आणि तो त्यांना आयुष्यातला सगळ्यात चांगला चहा वाटला होता. त्या गर्दीतलं आता कारखान्यात कुणीच उरलं नव्हतं. काही निवृत्त झाले, काही गेले. उरले होते वैद्यबुवा आणि तो गाळ.

घरी मात्र या कर्तबगारीचं कौतुक नव्हतं. लग्न झालं तेव्हा बायकोने पहिल्याच आठवड्यात नियम घातला की कामाचे कपडे उंबऱ्याच्या आत येणार नाहीत. मागच्या दाराबाहेर खुंटी ठोकली, साबणाची वडी वेगळी ठेवली. मुलगी लहान असताना बाबा आले हे तिला पावलांवरून नाही, वासावरून कळायचं. ती नाक चिमटीत धरून दारात नाचायची. तिचं लग्न होऊन ती परगावी गेली, तिथून फोन करायची आणि म्हणायची, "बाबा, काल रस्त्यावर गटार उपसत होते, एकदम तुमची आठवण झाली." वैद्यबुवा हे सगळ्यांना मोठ्या अभिमानाने सांगत फिरायचे.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना त्यांना ताप आला. चांगला आठ दिवसांचा ताप. उतरला, तोंडाला चव आली नाही, म्हणून बायकोने कांदा भाजून दिला. तो चावताना वैद्यबुवांच्या लक्षात आलं की आपण काहीतरी कुरकुरीत आणि गरम खातोय, एवढंच. मग त्यांनी साबण हुंगला. बाम हुंगला. मागच्या दाराशी जाऊन खुंटीवरच्या शर्टात तोंड खुपसलं. काही नाही. शर्ट म्हणजे नुसतं कापड झालं होतं.

डॉक्टर म्हणाले, येईल परत, काहींना वेळ लागतो. काहींना येतच नाही, हे त्यांनी दुसऱ्या भेटीत सांगितलं.

वास गेला तशा त्याच्या आठवणी मात्र वैद्यबुवांच्या मागेच लागल्या. वडिलांच्या सायकलच्या तेलाचा वास. शाळेच्या नव्या पुस्तकांचा. मुलीच्या टाळूचा. पहिल्या ज्योतीच्या दिवसाचा. पूर्वी हे वास आपसूक यायचे आणि जायचे, त्यांच्याकडे कोण लक्ष देतो? आता ते दुपारी पडल्या पडल्या एकेक आठवत बसायचे, आणि आठवण हुबेहूब असायची, पण नाकात काही यायचं नाही. त्यांना फार एकटं वाटायचं. हे कुणाला सांगावं तर लोक म्हणणार, हात गेला नाही, पाय गेला नाही, वासाचं काय एवढं?

बायकोला अर्थातच सगळं ठाऊक होतं. स्वयंपाकघरात दूध करपून धूर झाला आणि शेजारच्या खोलीत हे आपले पेपर वाचत बसलेले. तिने भांडं आपटलं.

"अहो, साहेबांना सांगून टाका."

"सांगतो."

"कधी सांगताय? तिथे गॅस असतो. उद्या काही झालं म्हणजे?"

"गॅसचा भोंगा असतो की कमरेला. तो ओरडतो."

"आणि टाकी बिघडली तर ती ओरडते का?"

वैद्यबुवांनी पेपरचं पान उलटलं. सांगितलं तर काय होणार हे त्यांना माहीत होतं. साहेब चांगले होते, कामावरून काढलं नसतं, पण टाकीवरून काढलं असतं. भांडारात टेबल दिलं असतं, नट-बोल्ट मोजायला. उरलेली दोन वर्षं कुंपणाकडे पाठ करून बसायचं, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. शिवाय त्यांना आपल्या कानांवर भरवसा होता. गॅसच्या नळीवर पाण्याचं भांडं होतं, त्यातून गॅस बुडबुडत जायचा. त्या आवाजावरून बरंच कळायचं. ज्योतीचा रंग होता. पत्र्याला हात लावून ऊब कळायची. इतक्या वर्षांचा संसार, तेवढं समजणार नाही?

आणि नवल म्हणजे खरंच निभावलं. एक महिना गेला, चार गेले, आठ गेले. सकाळी ते नळाखाली बाटली धरायचे, नाकाखाली न्यायचे, डोळे मिटायचे आणि "ठीक" म्हणायचे. तोवर लॅबच्या बाई वहीबिही घेऊन तिथे आलेल्या असायच्या. "वैद्यबुवा, काल मका जरा जास्त भिजवलाय म्हणे. आज फीड थोडं कमी ठेवूया का? तुम्हाला काय वाटतं?" वैद्यबुवा कान देऊन बुडबुडे ऐकायचे, मान डोलवायचे. "तेच म्हणणार होतो." आणि आठ महिने टाकी ठणठणीत राहिली. एके संध्याकाळी त्यांनी बायकोला ऐकवलंसुद्धा, "बघ, नाकावाचून काही अडत नाही. मुरलेला माणूस आहे मी."

मग बाई रजेवर गेल्या. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं, दहा दिवसांची रजा. तेवढे दिवस नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत जाणार होते आणि अहवाल तीन दिवसांनी येणार होता. जाताना त्या दोनदा वळून म्हणाल्या, "वैद्यबुवा, जरा हात आखडून द्या हं या दिवसांत." त्यांनी हसून हात हलवला.

नेमकी त्याच आठवड्यात मोठी मागणी आली. मका दीडपट भिजला, पाणी दीडपट आलं आणि त्यात भिजवणीचा दाट रस. वैद्यबुवांनी कान लावला. बुडबुडे जोरात होते. अर्थात जोरात असणार, खाणंच दीडपट होतं. त्यांनी फीड चालू ठेवलं. चौथ्या दिवशी बुडबुडे मंदावले. मागे एकदा नळीत पाणी साचून असंच झालं होतं, म्हणून त्यांनी नळी साफ केली. ज्योत सारखी विझत होती. वारा होता. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला कारणांची टंचाई पडत नाही, आणि इतक्या वर्षांच्या अनुभवाच्या माणसाकडे तर प्रत्येक गोष्टीला एक जुनं उदाहरण तयार असतं.

पाचव्या दिवशी सकाळी बॉयलरवाला गॅस का येत नाही हे विचारायला मागे आला. कुंपणापाशीच थबकला आणि त्याने तोंड वाकडं केलं.

"वैद्यबुवा, हा कसला हो आंबूस वास? गेटपर्यंत येतोय."

वैद्यबुवांच्या हातात तेव्हा बाटली होती. ती त्यांनी नुकतीच हुंगून "ठीक" म्हटलं होतं. बॉयलरवाल्याला, ज्याला आयुष्यात कोळशापलीकडे कशाचा वास कळला नव्हता, त्याला कळत होतं. ते तिथेच नळाच्या ओट्यावर बसले.

पण बसून राहिले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. उठले, फीडचा पंप बंद केला, आणि रबरी बुटांसकट साहेबांच्या खोलीत गेले. गालिच्यावर काळे ठसे उठले.

"साहेब, टाकी आंबलीये. चूक माझी. मला वास येत नाही."

"म्हणजे? आज येत नाही?"

"आठ महिने झाले. तापापासून."

साहेब ओरडले नाहीत, त्याचंच वैद्यबुवांना जास्त लागलं. म्हणाले, "वास गेला यात तुमचा काय दोष? पण तुम्ही सांगितलं नाहीत. तीनशे माणसं आहेत इथे, वैद्यबुवा." साठवणीच्या तलावात सहा दिवसांचं पाणी मावणार होतं. सहा दिवसांत टाकीने पुन्हा खायला सुरुवात केली नाही तर कारखाना बंद ठेवावा लागणार होता, किती दिवस ते कुणालाच सांगता आलं नसतं. आणि वैद्यबुवांनी उद्यापासून भांडारात बसायचं होतं.

त्यांनी बाईंना फोन केला. जे घडलं ते एका दमात सांगितलं. पलीकडून पहिला प्रश्न आला, "क्षार किती उरलाय?" दुसऱ्या दिवशी सकाळी बाई प्रवासाची पिशवी घेऊन थेट लॅबमध्ये हजर झाल्या.

त्यानंतरचे तीन दिवस सोड्याच्या गोण्या आणि पंप. टाकीतलं पाणी फिरवत राहायचं, सोडा बेताने मिसळायचा, खायला थेंब द्यायचा नाही, आणि दर चार तासांनी आम्ल मोजायचं. वैद्यबुवांना भांडारात पाठवायला कुणाला सवडच नव्हती. गोण्या उचलू नका म्हटलं तरी ते उचलत होते. पहिल्या दिवशी आकडा चढला, दुसऱ्या दिवशी थांबला, तिसऱ्या दिवशी जरासा उतरला.

त्या तिसऱ्या दुपारी साहेब लॅबमध्ये आले. पूर्वी टाकीची प्रकृती कशी होती ते त्यांना बघायचं होतं. बाईंनी रजिस्टर पुढे केलं. साहेबांनी पानं उलटली.

"हे काय? आम्ल-क्षार रोज? सोमवार-गुरुवारच करायचं असतं ना? आणि ही तर सकाळी साडेसहाची वेळ आहे. तुमची ड्यूटी आठची."

"सवय लागली, साहेब," बाई म्हणाल्या आणि परीक्षानळ्या धुवायला वळल्या.

वैद्यबुवा दारात उभे होते. ते पुढे आले आणि त्यांनी पानं मागे मागे उलटली. रोजची तपासणी जिथून सुरू झाली होती तिथे बोट ठेवलं. तापातून उठून ते कामावर आले होते, त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख होती. त्या तारखेपासून समासातली बारीक अक्षरंही बंद झाली होती. मग त्यांना रोज सकाळचे ते प्रश्न आठवले. आज कमी देऊया का. तुम्हाला काय वाटतं. बुडबुडे, ज्योतीचा रंग, पत्र्याची ऊब, मुरलेला माणूस! आठ महिने टाकी त्यांनी सांभाळलीच नव्हती. दीड तास आधी येऊन, आकडा काढून, तो यांच्याच तोंडून वदवून बाईंनी ती सांभाळली होती. शरमेने त्यांचे कान तापले आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदम.

साहेब गेल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही 'ठीक' म्हणालात," बाई म्हणाल्या. "अकरा वर्षांत कधी म्हणाला होतात? माती म्हणायचात, पुठ्ठा म्हणायचात. एकदा तर माझ्या सासूबाईंच्या गोधडीसारखी म्हणालात, मी तीन दिवस बोलले नव्हते तुमच्याशी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. रोज वाटायचं, आज सांगतील." त्यांनी नळी उलटी करून ठेवली. "चुकलंच माझं. रजेवर जाताना तरी मी बोलायला हवं होतं. ते माझ्या डोक्यातून जात नाहीये."

इतकी वर्षं लोकांनी वैद्यबुवांना मान दिला होता तो नाकाला. नाक गेल्यावर कुणीतरी तो तसाच चालू ठेवला होता, आणि त्यांना पत्ताही लागू दिला नव्हता. त्यांनी पुढे होऊन बाईंच्या हातातलं ओलं फडकं घेतलं आणि उरलेल्या नळ्या पुसायला लागले.

फीड बंद केल्यापासून पाचव्या दिवशी सकाळी आम्ल बरंच खाली आलं होतं, पण तिसऱ्या हिश्श्याच्या वरच. तलाव काठोकाठ आला होता. आज टाकीला थोडं खायला देऊन बघायचं की अजून थांबायचं, हा प्रश्न होता. घाईने दिलं तर होतं ते सगळं गेलं. नाही दिलं तर उद्या कारखाना बंद. आकडा दोन्ही बाजूंनी बोलत होता. साहेबांनी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "मला नुसत्या आकड्यावर सांगता येणार नाही. वैद्यबुवांना टाकीवर येऊ द्या."

"त्यांना वास कुठे येतो?"

"मला येतो ना. पण मला घाण म्हणजे घाण. त्यातलं त्यांना कळतं."

तिघं नळापाशी गेले. वैद्यबुवांनी बाटली भरली आणि सवयीने स्वतःच्या नाकाकडे नेली. मग थांबले आणि ती बाईंच्या हातात दिली.

"डोळे मिटा. घाई नको. पहिलं काय येतं?"

"घाण."

"ती सोडा. तिच्या मागे?"

"आंबट."

"कसं आंबट? दात शिवशिवतात?"

"नाही… तेवढं नाही. आंबट कडेला आहे. मधे काहीतरी…" बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ओलं. पाऊस पडून गेल्यावर पोतं वाळत घालतात ना, तसं. काल हे नव्हतं."

"काल नव्हतं? नक्की?"

"नक्की."

वैद्यबुवांनी डोळे मिटले. ते पोतं त्यांना पुरतं माहीत होतं. टाकीच्या पहिल्या वर्षी, ज्योत पेटण्याच्या आधीच्या आठवड्यात, रोज सकाळी या नळापाशी तेच यायचं. त्यांच्या नाकाशी आत्ता काहीही नव्हतं, थंड हवेशिवाय. त्यांनी फीडच्या व्हॉल्व्हच्या चाकावर दोन्ही हात ठेवले आणि ते अर्धा फेरा उघडलं.